उसन्या अक्षरांची वही

मी एक जुनी सह्यांची वही आहे, आणि मित्रांनो, माझ्यातल्या बहुतेक सह्या खोट्या आहेत. हे आधीच सांगून टाकते. मागाहून कळले तर तुम्ही म्हणाल, गोष्ट रंगवायची म्हणून हिने दडवून ठेवले. दडवादडवी मी पुष्कळ पाहिली आहे. आता तिचा कंटाळा आला आहे.

माझा जन्म बोस्टन शहरात, पुस्तकबांधणीच्या एका कारखान्यात झाला. तिथे ओळीने बसलेल्या मुली घड्या घातलेले कागद दोऱ्याने शिवत. मला शिवणारीच्या बोटात सुई गेली. बोट चोखत ती शेजारणीला म्हणाली, "वही भरणार साहेबलोकांची पोरं, आणि रक्त माझं." मग माझ्यावर बोकडाचे गर्द तांबडे कातडे चढले, कडांना सोनेरी मुलामा मिळाला आणि मी स्वतःला फार मोठी समजू लागले.

व्हरमॉन्टच्या डोंगराळ भागातल्या एका कॉलेजच्या गावी मला दुकानात मांडले. त्या काळी तिथल्या कॉलेजांत एक रीत होती. शेवटच्या वर्षाची मुले निरोप घेण्याआधी एकेक वही विकत घेत आणि ती वर्गमित्रांच्या खोल्यांतून फिरवत. ज्याच्याकडे वही जाईल त्याने एक पान भरायचे. कुणी आठवण लिहायची, कुणी आशीर्वाद, कुणी थट्टा, आणि खाली झोकदार सही. कुणाची वही किती भरली यावरून तो किती लाडका हे सगळ्यांना कळे.

मला विकत घेणाऱ्याचे नाव ऑरिन पेटिंगिल. उंच, जरा वाकून चालणारा मुलगा. त्याच्या कोटाच्या बाह्या नेहमी मनगटाच्या वर राहिलेल्या असत. तो शेतकऱ्याच्या विधवेचा एकुलता एक मुलगा. कॉलेजात त्याची फी माफ होती, आणि त्या बदल्यात तो पहाटे उठून वर्गांतल्या लोखंडी शेगड्या पेटवी आणि कॉलेजचे चर्च झाडी. बाकीची मुले उठून येईपर्यंत वर्ग ऊबदार झालेला असे आणि ऑरिन हात धुऊन मागच्या बाकावर बसलेला असे. त्याला कुणी त्रास दिला नाही. त्याच्याकडे कुणाचे लक्षच नव्हते.

वसंताच्या सुट्टीत तो घरी गेला होता तेव्हा त्याची आई केझाया त्याला म्हणाली होती, "येताना ती मित्रांची वही घेऊन ये हं. डॉक्टरांच्या मुलानं आणली होती. तुझे सोबती कोण, कसे, मला काही ठाऊक नाही. निदान त्यांचं लिहिलेलं तरी वाचीन." आईला नाही म्हणणे त्याला कधी जमले नाही. म्हणून त्याने मला घेतले.

मला घेऊन तो पहिल्यांदा ल्यूशियस वेदरबीच्या खोलीवर गेला. ल्यूशियस म्हणजे वर्गाचा जीव. देखणा, गोड गळ्याचा, वक्तृत्वात पहिला. आरशासमोर गळपट्टा बांधता बांधता, मागे वळूनही न बघता तो म्हणाला, "ठेव, ठेव तिथं त्या ढिगावर. उद्या लिहितो."

तो उद्या आला नाही. ल्यूशियसच्या खिडकीची काच खालून वर सरकवून उघडायची असे, पण ती वर राहत नसे. कुणीतरी हाताला लागली ती वही घेऊन तिच्याखाली टेकू दिला, आणि ती वही मी होते. पाऊस झाला, माझा एक कोपरा भिजून फुगला. खाली अंगणातून जाताना ऑरिनने मान वर केली आणि मला ओळखले. खोलीत कुणी नाही असे बघून तो मला घेऊन गेला. सोनेरी कडांची मी, आणि खिडकीचा टेकू झाले म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. पण त्याने बाहीने माझा कोपरा पुसला तेव्हाचा त्याचा चेहरा पाहून मी माझे दुःख विसरले.

त्यानंतर बार्नबस कोइट नावाच्या एका गोलमटोल, हसऱ्या मुलाने मला आपण होऊन मागून घेतले आणि पान भरून मजकूर लिहिला. ऑरिनने ते पान उघडले. वर लिहिले होते, 'प्रिय ऑलिव्हर'. ऑलिव्हर नावाचा दुसरा एक मुलगा वर्गात होता. खालच्या सगळ्या आठवणी त्याच्या होत्या.

ऑरिन बराच वेळ त्या पानाकडे बघत बसला. मग त्याने खिशातला चाकू काढला, 'ऑलिव्हर' हळूहळू खरवडला आणि तिथे बार्नबसच्या वळणात 'ऑरिन' लिहिले. पान उजेडाला धरले तर अजूनही तिथे कागद पातळ दिसतो. सगळ्याची सुरुवात त्या चाकूने झाली. एक नाव बदलणे फार सोपे गेले, मित्रांनो.

एकदा सगळा वर्ग गाड्यांत बसून तळ्याकाठी वनभोजनाला गेला. ऑरिनला चर्च झाडायचे होते. झाडून झाल्यावर तो रिकाम्या वर्गात येऊन बसला, दौत उघडली आणि मला समोर घेतले. आजारी पडलेल्या मुलांना तो बाकीच्यांच्या वह्यांतून धडे उतरवून देत असे, त्यामुळे सगळ्यांचे अक्षर त्याच्या डोळ्यांसमोर होते. कुणासाठी त्याने पिसाचा टाक घेतला, कुणासाठी लोखंडी नीब. कुणाची शाई पातळ केली. एकाच्या नावाने त्याने थट्टा लिहिली आणि स्वतःच हसला. नवी वही भरत जाते तेव्हा तिला आनंद होतो. मलाही झाला. लाज पुढे आली, त्याच्या गावी पोचल्यावर.

ल्यूशियसचे पान त्याने सगळ्यांत शेवटी लिहिले. ते असे होते:

'ऑरिन, हिवाळ्यात आम्ही दात वाजवत वर्गात यायचो तेव्हा शेगडी धगधगत असायची. ती पेटवायला कोण उठतो हे मी कधी विचारले नाही. एकदा लवकर जाग आली आणि खिडकीतून तुला बर्फातून लाकडे नेताना पाहिले. खाली येऊन हात लावावा असे वाटले होते. आलो नाही. त्याची रुखरुख राहील. तुझा मित्र, ल्यूशियस वेदरबी.'

हे लिहिताना मात्र तो हसला नाही.

ओल्डफील्ड हे ऑरिनचे गाव. तिथे केझायाबाईंनी मला बैठकीच्या टेबलावर बायबलशेजारी ठेवले. मला हात लावण्याआधी त्या दोन्ही हात पदरासारख्या लांब अॅप्रनला पुसत. बोट ओळीखाली सरकवत वाचत. एवढ्यावर थांबत्या तर बरे होते. पण त्या रोजच्या प्रार्थनेत त्या सगळ्या मुलांची नावे घेऊ लागल्या. "देवा, बार्नबसला सुखी ठेव. आणि ल्यूशियसला सांग, रुखरुख करू नकोस म्हणावं. माझ्या ऑरिनच्या मनात काही नाही." शेजारी गुडघे टेकून बसलेला ऑरिन डोळे घट्ट मिटून घेई. देवासमोर आपल्या नावाने काय काय पोचते आहे याची मला इतकी लाज वाटे की माझी पाने एकमेकांना चिकटून राहावीत असे मी मनात म्हणे.

शेजारच्या मिसेस डिमक लोकरीचे विणकाम घेऊन यायच्या. त्यांच्या जिभेला धार होती. एकदा म्हणाल्या, "काय गं केझाया, एवढे जिवाभावाचे मित्र, आणि एकही उन्हाळ्यात इकडे फिरकला नाही तो?"

"मोठ्या मोठ्या कामांत आहेत ती मुलं."

"असतील. आमच्या पोराचे मित्र बिनकामाचे, म्हणून रोज जेवायला येतात."

अशी वर्षे गेली. ऑरिन हिवाळ्यात गावच्या शाळेत शिकवी आणि उन्हाळ्यात शेत बघे. मग गावचे म्हातारे पाद्री वारले. नव्या पाद्रीच्या जागेसाठी उमेदवार येऊन एकेका रविवारी उपदेश करून जाऊ लागले. एका शनिवारी चर्चमध्ये बातमी आली की उद्या येणार आहेत ते रेव्हरंड ल्यूशियस वेदरबी.

केझायाबाई चर्चच्या दारातच सगळ्यांना म्हणाल्या, "ते दुसरीकडे कुठे उतरायचे नाहीत. माझ्या ऑरिनचे मित्र आहेत ते."

ऑरिन घरी आला तो थेट बैठकीत. मला उचलले, कोटाखाली धरले, तबेल्यात नेले आणि घोड्याच्या दाण्याच्या पेटीत खोल खुपसले. माझ्या पानापानांत कोंडा गेला. वरून झाकण पडले. भिंतीपलीकडचे बोलणे मला ऐकू येत होते.

"ऑरिन, वही कुठाय?"

"असेल कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे? ती काय कोंबडी आहे, फिरायला जायला?"

"सापडेल गं आई."

"सापडेल कधी, ते गेल्यावर? त्यांचं पान त्यांना दाखवायचंय मला." बाईंचा आवाज रडवेला झाला होता. त्या संध्याकाळी त्या घरभर शोधत होत्या, आणि तोही त्यांच्याबरोबर शोधत होता. पलंगाखाली वाकून 'इथं नाही' म्हणत होता. मला कोंड्यात गाडले याचे मला काही वाटले नाही. पण तो आईबरोबर शोधतो आहे हे ऐकून मला वाटले, इथेच उंदरांनी मला कुरतडून टाकावे.

रविवारी चर्च सुटल्यावर पाहुणा आपल्या घोड्याला दाणा घालायला स्वतःच तबेल्यात आला. त्याने पेटीत मापटे घातले आणि ते माझ्या पाठीवर आपटले. त्याने मला बाहेर काढले, कोंडा फुंकला आणि न उघडताच घरात घेऊन गेला.

"बाई, ही तुमच्या दाण्याच्या पेटीत होती."

टेबलावर आदल्या दिवशी काकवी घालून भट्टीत शिजवलेला घेवडा आणि मक्याचा काळसर पाव मांडला होता. मिसेस डिमक जेवायला बोलावलेल्या होत्या. ऑरिन सफरचंदाच्या पेयाचा चंबू घेऊन दारातच थबकला.

"अगं बाई, पेटीत कशी गेली," केझायाबाई मला छातीशी धरून म्हणाल्या. कशी गेली हे कुणी सांगेपर्यंत त्यांना दम नव्हता. त्यांनी पान उघडून मला पाहुण्यासमोर ठेवले. "पाद्रीसाहेब, हे तुमचं. मला पाठ आहे. पण तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय. मोठ्यानं वाचा."

ल्यूशियसने मान खाली घातली आणि वाचू लागला. पहिले वाक्य त्याने त्याच्या त्या गोड, भारदस्त आवाजात वाचले. दुसऱ्याला आवाज उतरला. 'ती पेटवायला कोण उठतो हे मी कधी विचारले नाही,' एवढे वाचून तो थांबला. त्याचा अंगठा माझ्या कडेवर होता, तो घामाने ओला झाला.

"पुढे?" केझायाबाई म्हणाल्या.

"स्वतःचंच लिहिलेलं वाचायला एवढा वेळ?" मिसेस डिमक म्हणाल्या.

ऑरिनच्या हातातल्या चंबूतून पेय जमिनीवर सांडत होते. ल्यूशियसने वर बघितले, आधी त्याच्याकडे, मग त्याच्या आईकडे.

"पुष्कळ दिवस झाले बाई," तो म्हणाला. "क्षणभर वाटलं, अक्षर माझं आहे का. माझंच आहे." आणि त्याने शेवटपर्यंत वाचले, स्वतःच्या सहीसकट. केझायाबाईंनी डोळ्यांना अॅप्रन लावला. मिसेस डिमकनी आपण होऊन पाहुण्याच्या ताटात आणखी घेवडा वाढला.

जेवण झाल्यावर पाहुणा म्हणाला, "ही जरा उजेडात पुन्हा बघतो," आणि मला घेऊन अंगणात आला. ऑरिन पाहुण्याच्या गाडीला घोडा जुंपत होता. त्याने मान वर केली नाही.

"तुम्ही सांगून टाकायचं होतंत," तो म्हणाला.

"मला 'तुम्ही' काय म्हणतोस? एका वर्गात होतो आपण."

"होतो. पण बोललो कधी नाही."

ल्यूशियस माझी पाने चाळत राहिला. "शेगडी तू पेटवायचास?"

"हो."

"मला वाटायचं, कॉलेजचा कुणी गडी पेटवतो."

"गडीच होतो मी."

"आणि मी खिडकीतून बघितलं, ते?"

"ते मी मनाचं घातलं. तुम्ही इतक्या लवकर कधी उठलाच नाहीत."

ल्यूशियसला हसू आले नाही. तो म्हणाला, "तुझ्या आईनं आज सकाळी चर्चच्या दारात माझा हात धरला तेव्हापासून मी तुला आठवायचा प्रयत्न करतोय. चेहरा, आवाज, काही तरी. मला तू आठवतच नाहीस, ऑरिन. माफ कर. एक पान कोरं आहे ना? मी खरं काहीतरी लिहून देतो."

"काय लिहाल?"

ल्यूशियसने खिशातून पेन्सिल काढली होती. ती कागदावर टेकवून तो उभा राहिला. घोड्याने दोनदा पाय आपटला. मग त्याने पेन्सिल उचलली. तिथे शिशाचा एक ठिपका उमटला आहे, दुसरे काही नाही.

"आईला मी आज सांगणार आहे," ऑरिन म्हणाला.

"मी सांगू?"

"नको. तुम्ही आत्ताच तिला उलटं सांगून बसलात."

गाडी गेल्यावर ऑरिन स्वयंपाकघरात आला. आई भांडी घासत होती. त्याने मला टेबलावर ठेवले आणि उभ्या उभ्या सगळे सांगितले. खिडकीचा टेकू, ऑलिव्हर, वनभोजन, दाण्याची पेटी. काही वगळले नाही. मला वाटले, आता ही मला चुलीत टाकील, आणि तसे केले तर बरे होईल.

केझायाबाईंनी हात पुसले आणि त्याच्या गालावर ठेवले. "असं का बोलतोस रे? स्वतःला इतकं हलकं का समजतोस? त्या माणसानं माझ्यासमोर वाचलं. पाद्री आहे तो. रविवारच्या दिवशी खोटं बोलेल?"

"आई, तो तुझ्यासाठी बोलला."

"तुझ्यासाठीच बोलला. गप्प बस आता. तुला लहानपणापासून कुणी चांगलं म्हटलेलं सहनच होत नाही."

त्याने पुन्हा सांगितले, पुढच्या आठवड्यात आणखी एकदा. दर वेळी त्या हसून मान हलवत. इतकी वर्षे त्याने खोटे लिहून ठेवले होते तेव्हा त्या विश्वास ठेवत होत्या, आणि तो खरे बोलला तेव्हा त्यांना तो त्याचा विनय वाटला. मग त्याने सांगणे सोडले. त्या मला वाचत राहिल्या, तो ऐकत राहिला. ल्यूशियसला ओल्डफील्डने बोलावले होते, पण त्याला शहरातले मोठे चर्च मिळाले. तो पुन्हा आला नाही.

म्हातारपणी केझायाबाईंचे हात थरथरू लागले. त्यांना स्वतःचे काही करता येईना. ऑरिन त्यांना भरवी, अंग पुसून देई. शाळेतून येऊन त्यांची वेणीफणी करी. सुरुवातीला त्याला जमत नसे, केस ओढले जात. पुढे हात बसला. एका दुपारी त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी लिहिलं तुझ्या वहीत. मीच राहिले. टाक दे."

त्यांनी कोरे पान निवडले. फार वेळ लागला. अक्षरे चढत-उतरत गेली, एक डाग पडला. त्यांनी एवढेच लिहिले: 'आज ऑरिनने माझे केस विंचरले. दुखले नाही. केझाया पेटिंगिल.'

ऑरिनने ते वाचले आणि तो खाली बसून आईच्या मांडीवर डोके ठेवून रडला. का रडतो आहे हे त्यांना कळले नसावे. त्या म्हणत राहिल्या, "अरे, कमी लिहिलं का मी? हात चालत नाही रे."

पुढे आई गेली, आणि पुष्कळ वर्षांनी ऑरिनही गेला. घरातल्या सामानाचा लिलाव झाला. आता मी एका ग्रंथालयात काचेच्या पेटीत आहे. इथे माझे हाल नाहीत. ऊन लागत नाही, कसर लागत नाही. पण मला उघडून ठेवले आहे ते ल्यूशियसच्या पानावर, कारण पुढे तो मोठा नावाजलेला धर्मोपदेशक झाला. शेजारच्या चिठ्ठीवर लिहिले आहे की हे त्याचे विद्यार्थिदशेतले अक्षर असून यातून त्याच्या कोमल मनाची साक्ष पटते. शाळेची मुले येतात, काचेला नाक लावतात. त्यांच्या बाई म्हणतात, "बघा, थोर माणसं लहानपणापासून कशी असतात." आणि मी तिथे पसरून पडलेली असते. मला मिटता येत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी वही तुमच्याही हाती कधी येईल. शाळा सुटताना कुणीतरी संकोचाने ती पुढे करील. तिला टेकू करू नका, कोपरा भिजू देऊ नका, हे तर झालेच. पण लिहायला बसण्याआधी, ज्याची वही आहे त्याच्याकडे एकदा नीट बघा. त्याचे नाव विचारा. तो कुठे बसतो, काय करतो, बघून ठेवा. मग जे दिसले असेल तेवढेच लिहा. एक ओळ झाली तरी चालेल. आणि ज्याला वही पुढे करायचीही भीती वाटते असा कुणी मागच्या बाकावर बसला असेल, तर त्याच्याजवळ जाऊन तुम्हीच मागा. त्याला ती एकट्याने भरायला लावू नका.